जुन्या हॅमंड ऑर्गनचा स्पीकर : तपासणी, दुरुस्ती आणि गरज पडल्यास बदल

जुना इलेक्ट्रिक ऑर्गन फरफरू लागला किंवा अचानक मुका झाला, की पहिला संशय स्पीकरवर जातो आणि त्यापाठोपाठ नवा स्पीकर आणण्याची घाई होते. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. ॲम्प्लिफायर, लाकडी पेटी आणि स्पीकर हे तिन्ही घटक कारखान्यात एकमेकांच्या बेताने निवडलेले असतात आणि त्यांतला स्पीकर बदलला, की वाद्याचा ओळखीचा आवाजही बदलतो. म्हणून दोष खरोखर स्पीकरचाच आहे हे आधी सिद्ध करावे, मग तो दुरुस्त होण्याजोगा आहे का ते पाहावे आणि दुसरा स्पीकर बसवणे हा शेवटचा उपाय मानावा.

शिकागोच्या हॅमंड कंपनीने १९३५ साली बाजारात आणलेल्या ऑर्गनमध्ये स्वर फिरणाऱ्या धातूच्या चकत्यांतून निर्माण होतो आणि व्हॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात काचनळ्यांच्या, ॲम्प्लिफायरमधून स्पीकरपर्यंत पोहोचतो. या घराण्यातल्या सर्वांत प्रसिद्ध बी-३ मध्ये स्पीकर मुळी नसतोच. तो टोन कॅबिनेट (स्पीकरची स्वतंत्र पेटी) किंवा लेस्ली पेटी (फिरत्या भोंग्याची स्पीकरपेटी) यांना जोडून वाजवतात. याउलट १९५५ ते १९६४ या काळात बनलेल्या एम-३ सारख्या घरगुती ऑर्गनच्या पोटात ॲम्प्लिफायर आणि १२ इंची स्पीकर दोन्ही असतात, तर ए-१०० मध्ये दोन १२ इंची स्पीकर आणि रिव्हर्बसाठी, म्हणजे घुमाऱ्यासाठी, आणखी एक स्वतंत्र स्पीकर असतो. पुढील विवेचन मुख्यतः अशा अंगभूत स्पीकरच्या ऑर्गनविषयी आहे, पण लॉरी, वुर्लिट्झर किंवा यामाहा इलेक्टोन यांच्या जुन्या ऑर्गनलाही त्यातले बहुतेक सारे लागू पडते. संगीत नाटकाच्या रंगमंचावरील पायपेटीलाही आपल्याकडे ऑर्गनच म्हणतात. ती भात्याच्या हवेवर वाजते आणि तिला स्पीकर नसतो, त्यामुळे ती या लेखाच्या कक्षेबाहेर आहे.

पेटी उघडण्यापूर्वी

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये ३०० व्होल्ट किंवा त्याहून अधिक डीसी दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो फिल्टर कपॅसिटरमध्ये (वीजपुरवठा स्थिर करण्यासाठी वीज साठवणाऱ्या भागांमध्ये) काही काळ साठून राहू शकतो. केवळ ऑर्गनचा स्विच बंद न करता प्लग भिंतीतून काढावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि मगच मागची फळी उघडावी. स्पीकरच्या तारा ॲम्प्लिफायरच्या चॅसिसच्या (धातूच्या सांगाड्याच्या) जवळून जात असतील किंवा चॅसिस बाहेर काढायची असेल, तर कपॅसिटर रिकामे करूनच हात घालावा. यासाठी १० किलोओहम, ५ वॅटचा एक रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपच्या तारांना जोडून घ्यावा, एक क्लिप चॅसिसला लावावी, दुसरी कपॅसिटरच्या धन टोकाला काही सेकंद टेकवावी आणि मल्टिमीटरवर दाब काही व्होल्टांपर्यंत उतरल्याची खात्री करावी. स्क्रू ड्रायव्हरने थेट शॉर्ट करण्याची पद्धत अनेक कारागीर वापरतात. तीत ठिणगी उडते, जुन्या कपॅसिटरला इजा होते आणि हात थरथरला तर माणसालाही. ज्यांना चॅसिसमधील कपॅसिटर ओळखता येत नाहीत त्यांनी स्पीकरपुरतेच काम करावे आणि ॲम्प्लिफायर जाणकाराकडे सोपवावा.

अमेरिकेतून आलेला ऑर्गन तिथल्या सुमारे ११७ व्होल्टांच्या पुरवठ्यासाठी बनलेला असतो. भारतात तो स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवावा लागतो, आणि त्या ट्रान्सफॉर्मरचे बाहेर येणारे व्होल्ट तपासणीच्या वेळी एकदा मोजून घेणे हिताचे असते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, फ्रीक्वेन्सी मात्र बदलत नाही. हॅमंडच्या चकत्या फिरवणारी मोटर पुरवठ्याच्या फ्रीक्वेन्सीवर चालते, म्हणून ६० हर्ट्झचा ऑर्गन आपल्या ५० हर्ट्झवर लावला, की सगळे वाद्य तीन अर्धस्वरांहून थोडे अधिक खाली उतरते. असा जडावलेला आवाज ऐकून स्पीकर बदलायला निघालेले लोक असतात. तो दोष स्पीकरने दूर होणार नाही.

दोष स्पीकरचाच आहे का

तपासणीला सुरुवात कानाने करावी. एकाने पायाच्या पट्ट्यांवरील सर्वांत खालचे स्वर मध्यम आवाजात एकेक करून धरून ठेवावेत आणि दुसऱ्याने मागची फळी, जाळीची चौकट, नोटेशन ठेवण्याची घडवंची, दिव्याची पट्टी या सर्वांवर आळीपाळीने तळहात दाबून पाहावा. एका ठिकाणी हात ठेवताच फरफर थांबली, तर दोष लाकूडकामात आहे. सैल स्क्रू आवळून किंवा फळीखाली फेल्टची पट्टी लावून काम भागते. विशिष्ट एका-दोन स्वरांनाच भणभण होत असेल, तर असे काहीतरी सैल असण्याची शक्यता अधिक. फाटलेला कोन (स्पीकरचा कागदी पडदा) किंवा घासणारी कॉइल (कोनाला जोडलेले तारेचे वेढे) सहसा स्वरांच्या मोठ्या पट्ट्यात त्रास देते आणि आवाज वाढवताच तो त्रास वाढतो.

ऑर्गन पूर्ण मुका असेल, तर कान स्पीकरजवळ नेऊन ऐकावे. हलकी घूंघूं किंवा सरसर येत असेल, तर स्पीकरची कॉइल अखंड आहे आणि दोष त्याच्या अलीकडे, म्हणजे प्रीॲम्प्लिफायर, आवाजाचा पेडल किंवा एखाद्या व्हॉल्व्हमध्ये शोधावा. ही घूंघूं फार मोठी असेल, तर ती बहुधा थकलेल्या फिल्टर कपॅसिटरची तक्रार असते. १९७० च्या दशकातील घरगुती ऑर्गनना हेडफोनचा सॉकेट असतो आणि त्यात प्लग घातला, की स्पीकरची जोडणी आपोआप तुटते. या सॉकेटच्या आतल्या पट्ट्यांवर गंज चढला, तर प्लग नसतानाही ती जोडणी तुटलेलीच राहते. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर केला, तर स्पीकर न उघडता वाद्य पुन्हा बोलू लागते.

यानंतर मल्टिमीटर हाती घ्यावा. ऑर्गन बंद ठेवून स्पीकरची निदान एक तार सोडवावी, कारण ती जोडलेली असताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा (ॲम्प्लिफायरमधून स्पीकरला आवाज पोहोचवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) वेढा मीटरला समांतर येतो आणि जळालेली कॉइलही ठीक असल्यासारखी दिसते. चांगल्या कॉइलचा डीसी रोध तिच्या छापील इम्पिडन्सपेक्षा (ॲम्प्लिफायरला जाणवणाऱ्या, ओहममधील विरोधापेक्षा) थोडा कमी असतो : ८ ओहमच्या स्पीकरला साधारण ६ ते ७, १६ ओहमच्या स्पीकरला ११ ते १३, तर ४ ओहमच्या स्पीकरला ३ ते ३.५ ओहम. मीटर काहीच दाखवत नसेल, तर कॉइल किंवा तिच्याकडे जाणारी लवचिक तार तुटली आहे. अपेक्षेपेक्षा फार कमी दाखवत असेल, तर कॉइलचे वेढे आपसांत चिकटले आहेत. मीटर नसल्यास दीड व्होल्टचा सेल टर्मिनलना क्षणभर टेकवावा. जिवंत स्पीकर ‘टक’ असा आवाज करतो आणि सेलचा धन ध्रुव स्पीकरच्या धन टोकाला असल्यास कोन बाहेरच्या दिशेने उडतो. हीच चाचणी पुढे ध्रुव ओळखण्यासाठीही उपयोगी पडते.

कॉइल घासते का हे बोटांनी कळते. दोन्ही हातांची बोटे डस्ट कॅपभोवती (कोनाच्या मधल्या टोपीभोवती) समान अंतरावर ठेवून कोन हळूच, सरळ रेषेत दोन-तीन मिलिमीटर आत दाबावा आणि सोडावा. निरोगी स्पीकर निःशब्द हलतो. कागदावर नख ओढल्यासारखी खरखर जाणवली, तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे. एका बाजूने दाबल्यास चांगला स्पीकरही घासतो, म्हणून दाब समान असणे आवश्यक आहे.

शेवटची आणि सर्वांत निर्णायक चाचणी म्हणजे त्याच इम्पिडन्सचा दुसरा चांगला स्पीकर तात्पुरता जोडून ऑर्गन वाजवणे. बिघाड त्या स्पीकरवरही ऐकू आला, तर मूळ स्पीकर निर्दोष आहे. ही अदलाबदल करताना एक नियम कधीही मोडू नये : व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकरशिवाय चालू करू नये. भार नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये फार मोठे व्होल्ट उसळतात, त्याचे इन्सुलेशन फुटते, आणि स्पीकरच्या तुलनेत तो ट्रान्सफॉर्मर मिळवणे कितीतरी अवघड असते. स्पीकर मुका झालेला असतानाही ऑर्गन ‘पाहू या’ म्हणून चालू ठेवणे याच कारणाने घातक आहे.

स्पीकर बाहेर काढताना

तारा सोडवण्याआधी त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक तारेवर कागदी चिकटपट्टीने खूण करावी. जुन्या कापडी आवरणाच्या तारांचे रंग इतके उडालेले असतात की नंतर लाल कोणती आणि तपकिरी कोणती हे सांगता येत नाही. स्पीकरच्या चौकटीवर वरच्या बाजूलाही खूण करावी, तिचा उपयोग पुढे येईल. बोल्ट सोडवताना एक हात सतत कोन आणि स्क्रू ड्रायव्हर यांच्या मध्ये आडवा ठेवावा. चुंबक पोलादी हत्यार झटक्यात ओढून घेतो आणि धडधाकट कोनाला दुरुस्तीच्या दिवशीच भोक पडते. ज्या टेबलावर स्पीकर ठेवायचा तिथे लोखंडाचा कीस किंवा कापलेल्या तारांचे तुकडे असता कामा नयेत. ते फटीत शिरले, की काढणे हा स्वतंत्र उद्योग होऊन बसतो.

चौकटीवर किंवा चुंबकाच्या टोपणावर छापलेला आकडा आवर्जून टिपून ठेवावा. अमेरिकी स्पीकरवरील आकड्याची सुरुवात उत्पादकाच्या सांकेतिक क्रमांकाने होते : २२० म्हणजे जेन्सन, १३७ म्हणजे सीटीएस, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, ३२८ म्हणजे युटा. त्यानंतरचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. उदाहरणार्थ, एम-३ मधील स्पीकरवर २२०८३४ असे असेल, तर तो जेन्सनने आठाने संपणाऱ्या वर्षाच्या ३४ व्या आठवड्यात बनवलेला आहे, आणि वाद्याचा काळ पाहता ते वर्ष १९५८ ठरते. ऑर्गनच्या वर्षाशी हा आकडा जुळला, तर स्पीकर मूळचा आहे आणि त्याच्यावर अधिक कष्ट घेणे योग्य आहे.

दुरुस्ती

कोनाला पडलेली चीर ही सर्वांत सोपी दुरुस्ती. चिरेच्या कडा नीट जुळवाव्यात, पतंगाच्या कागदासारखा पातळ पण चिवट कागद घ्यावा आणि त्याची ठिगळे कात्रीने न कापता हाताने फाडावीत, कारण फाटलेल्या विरळ कडा कोनाच्या कागदात मिसळून जातात. पांढऱ्या फेविकॉलमध्ये थोडे पाणी घालून तो ब्रशने मागच्या बाजूने लावावा, ठिगळ बसवावे, पुरते वाळू द्यावे आणि चीर मोठी असल्यास पुढच्या बाजूनेही तसेच करावे. गोंद जितका कमी लागेल तितका बरा, कारण त्याचे वजन कोनाला कायमचे वाहावे लागते. झटपट चिकटणारा सुपर ग्लू येथे वापरू नये. तो काचेसारखा कडक होतो आणि त्याच्या कडेला नवी चीर जाते. सेलोटेप काही महिन्यांत सुटते आणि स्वतःच फरफरू लागते.

चीर कोनाच्या बाहेरच्या सुरकुत्यांच्या पट्ट्यात असेल, तर मात्र फेविकॉल नको. तो भाग हलण्यासाठीच असतो, म्हणून तिथे वाळल्यावरही रबरासारखा मऊ राहणारा चिकटपदार्थ पातळ करून एकच हलका थर द्यावा.

टर्मिनलपासून कोनापर्यंत जाणारी विणलेली लवचिक तार वर्षानुवर्षांच्या हालचालीने बहुधा दोन्ही टोकांपैकी एकाशी तुटते. आवाज मधूनमधून जात असेल आणि कोन किंचित दाबल्यावर परत येत असेल, तर हीच तार पाहावी. तिच्या जागी साधी वायर जोडणारे दुरुस्त करतात खरे, पण ती थोड्याच दिवसांत थकून मोडते. स्पीकरसाठीच मिळणारी विणलेली तार आणावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत स्पीकरचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे ती मागता येते. तिची लांबी मूळ तारेइतकीच ठेवावी, कारण आखूड तार कोनाला ओढते आणि लांब तार चौकटीला आपटून वाजते. सोल्डर टोकापुरताच राहील याची काळजी घ्यावी. तो विणीत पसरला, की लवचिकपणा संपतो.

घासणाऱ्या कॉइलची कारणे अनेक असतात, पण जुन्या ऑर्गनमध्ये एक कारण विशेष आढळते : जड कोन पन्नास-साठ वर्षे एकाच दिशेला लोंबत राहिल्याने त्याचे मधले टेकू, म्हणजे स्पायडर, किंचित खाली बसलेले असतात. काढताना वरच्या बाजूला केलेली खूण येथे कामी येते. स्पीकर अर्धे वर्तुळ फिरवून, खूण खाली येईल असा बसवावा. गुरुत्वाकर्षण आता उलट बाजूने काम करते आणि कितीतरी वेळा घासणे तिथेच थांबते. खर्च काहीच नाही, म्हणून हा उपाय सर्वांत आधी करावा. चौकट पिळली गेली असेल, तर बोल्ट असमान आवळल्यामुळेही कॉइल घासते. बोल्ट सैल करताच स्पीकर मोकळा हलला, तर दोष तोच. फटीत कण अडकल्याचा संशय असल्यास डस्ट कॅपच्या कडेचा गोंद सॉल्व्हंटने थोडा थोडा मऊ करून कॅप धारदार पात्याने उचलावी आणि चिकटपट्टीची अरुंद पट्टी, चिकट बाजू बाहेर करून, फटीत फिरवावी. फुंकर किंवा हवेचा झोत कण आणखी आत ढकलतो.

१९७० च्या दशकातील काही ऑर्गनच्या स्पीकरला कडेने फोमचा पट्टा असतो. हा फोम दमट हवेत आपोआप विरघळतो आणि बोट लावताच चिकट भुगा होऊन हातात येतो. कोकण, गोवा आणि मुंबईच्या हवेत तो टिकला तर नवल. कोन आणि कॉइल ठीक असतील, तर फक्त नवा फोमचा पट्टा बसवावा. जुना फोम आणि गोंद खरवडून काढावा, कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात, डस्ट कॅप काढून कॉइल आणि मधला खांब यांच्यामध्ये जुन्या फोटो फिल्मच्या पट्ट्या चारही बाजूंना सारख्या घालाव्यात आणि कॉइल अशी मध्यावर धरून ठेवून मगच पट्टा चिकटवावा. गोंद पूर्ण सुकेपर्यंत फिल्म काढू नये. नवा पट्टा मागवताना स्पीकरचे नाव सांगणे पुरत नाही. कोनाचा बाहेरचा व्यास आणि चौकटीवरील चिकटवण्याच्या कडेचा आतला व बाहेरचा व्यास मोजून द्यावा.

कॉइल जळाली असेल, तर कोन, कॉइल आणि स्पायडर सगळेच बदलावे लागतात. याला कारागीर रीकोनिंग म्हणतात. आपल्याकडील बहुतेक कारागिरांचा हात लाउडस्पीकरच्या धंद्यावर बसलेला असतो, आणि मांडवातील स्पीकरला लागणारा जाड, जड, कडक कोन ते सवयीने बसवतात. अशा कोनाने ऑर्गनचा आवाज मंद आणि बंद डब्यातला वाटू लागतो. म्हणून काम देण्याआधी जुना कोन दाखवावा, त्याच जाडीचा कागद, तोच सुरकुत्यांचा पट्टा आणि कॉइलचा तोच रोध हवा असे स्पष्ट सांगावे. ते मिळत नसेल, तर मूळ स्पीकर तसाच जपून ठेवावा आणि दुसरा बसवावा. योग्य कोन पुढे कधीही मिळू शकतो, पण अयोग्य कोन बसवताना खरवडलेली मूळ चौकट आणि तिच्यावरील छाप परत येत नाहीत.

दुसरा स्पीकर निवडताना

निवडीत लोक वॅट पाहतात. मी आधी संवेदनशीलता पाहतो. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, हा तो आकडा. एम-३ सारख्या ऑर्गनचा ॲम्प्लिफायर अवघा दहा-बारा वॅटचा असतो आणि तेवढ्यावर दिवाणखाना भरून टाकण्याचे काम हलक्या कागदी कोनाचा संवेदनशील स्पीकर करतो. दर ३ डेसिबलच्या फरकाला दुप्पट वॅट लागतात. ९५ डेसिबलच्या स्पीकरच्या जागी ८७ डेसिबलचा आधुनिक हाय-फाय वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर) बसवला, तर ८ डेसिबल गेले, म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी सहापटींहून अधिक शक्ती हवी. बारा वॅटचा ॲम्प्लिफायर जणू दोन वॅटचा झाला. वादक मग पेडल पूर्ण दाबून वाजवतो, ॲम्प्लिफायरचा आवाज फाटू लागतो आणि नव्या स्पीकरमध्येही ‘दोष’ ऐकू येतो. मोटारीचा सबवूफर याच कारणाने वर्ज्य आहे; शिवाय तो बहुधा ४ ओहमचा किंवा त्याहून कमी असतो.

इम्पिडन्सच्या बाबतीत व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला मूळ आकडाच द्यावा. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला थोडा अधिक इम्पिडन्स चालतो, आवाज किंचित कमी होतो इतकेच. मूळपेक्षा कमी इम्पिडन्स मात्र त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर तापवून जाळतो. दोन स्पीकर असतील तर ते एकसर आहेत की समांतर, हे आधी कागदावर काढावे : ८ ओहमचे दोन समांतर जोडले तर ४ ओहम, एकसर जोडले तर १६ ओहम.

वॅटचा आकडा ॲम्प्लिफायरच्या दुप्पट किंवा अधिक असावा. गिटारचा किंवा पियानोचा स्वर छेडताच विरू लागतो, पण ऑर्गनची पट्टी दाबून ठेवली तोवर स्वर त्याच जोराने चालू राहतो, त्यामुळे कॉइलला थंड व्हायला उसंत मिळत नाही. गिटारसाठी बनलेले स्पीकर संवेदनशील असतात, पण त्यांचा नैसर्गिक अनुनाद सहसा ७० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान असतो आणि ऑर्गनच्या पायपट्ट्यांचे खालचे स्वर त्याच्याही खाली जातात. सर्वांत खालच्या ‘सी’ची फ्रीक्वेन्सी ३२.७ हर्ट्झ आहे. बेस गिटारसाठीचा किंवा साधा कागदी कोनाचा फुल-रेंज लाउडस्पीकर अधिक जवळ जातो. फार वरच्या फ्रीक्वेन्सीपर्यंत चढणारा स्पीकरही टाळावा. मूळ स्पीकर वरच्या टोकाला लवकर मावळतो आणि त्यामुळे हॅमंडमध्ये पट्टी दाबताना होणारी टिकटिक सौम्य राहते. ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) जोडलेल्या स्पीकरवर ती टोचू लागते.

मापे घेताना केवळ ‘१२ इंची’ म्हणून भागत नाही. चौकटीचा बाहेरचा व्यास, समोरासमोरच्या बोल्टमधले अंतर, फळीतील भोकाचा व्यास आणि मागची खोली मोजावी; नव्या स्पीकरचा मोठा फेराइट चुंबक ॲम्प्लिफायरला किंवा रिव्हर्बच्या टाकीला टेकू शकतो. बोल्टची भोके जुळत नसतील, तर ऑर्गनच्या फळीला नवी भोके पाडण्याऐवजी प्लायवूडची मधली चकती करून घ्यावी, म्हणजे मूळ स्पीकर पुढे परत बसवता येतो.

फील्ड कॉइलचा स्पीकर

सुरुवातीच्या काळातील काही टोन कॅबिनेटमधील स्पीकरला कायमचा चुंबक नसतो. त्याच्या मागे चुंबकाऐवजी जाड वेढ्यांचे भांडे असते, दोनाऐवजी चार किंवा अधिक तारा बाहेर येतात आणि त्यांतल्या दोन तारांमध्ये शेकडो किंवा हजारो ओहम रोध मिळतो. हा वेढा स्पीकरचा विद्युतचुंबक असतो आणि त्याच वेळी ॲम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यातील चोकचे (वीजेतील चढउतार गाळणाऱ्या वेढ्याचे) कामही करतो, म्हणून त्यावर उच्च दाब असतो. असा स्पीकर काढून तिथे साधा स्पीकर लावला आणि ते वेढे तसेच तोडून ठेवले, तर ॲम्प्लिफायरला वीजच मिळत नाही. तारा थेट जोडल्या, तर व्होल्ट मर्यादेबाहेर चढतात. तिथे त्याच डीसी रोधाचा चोक, किंवा चोक आणि रेझिस्टर मिळून तेवढाच रोध, बसवावा लागतो. समजा वेढ्याचा रोध १००० ओहम आहे आणि त्यातून ८० मिलिॲम्पिअर जातात. तर त्यावर ८० व्होल्ट उतरतात आणि ६.४ वॅटची उष्णता निघते, म्हणजे रेझिस्टर निदान २० वॅटचा आणि इतर भागांपासून दूर हवा. शक्य असेल तर फील्ड कॉइलचा स्पीकर दुरुस्तच करावा, असे माझे मत आहे.

लेस्ली पेटी असेल तर

डॉन लेस्ली यांच्या १२२ आणि १४७ या पेट्यांत १५ इंची वूफर तोंड खाली करून फिरत्या ढोलावर बसवलेला असतो आणि वरचे स्वर फिरत्या भोंग्यातून येतात. दोघांची विभागणी ८०० हर्ट्झवर होते आणि दोन्ही स्पीकर १६ ओहमचे असतात. भोंग्याची दोन तोंडे दिसतात, पण आवाज एकातूनच येतो. दुसरे तोंड केवळ तोल साधण्यासाठी असते, तेव्हा ते मुके आहे म्हणून काही उघडू नये. वरचे स्वर पूर्ण गेले असतील आणि खालचे ठीक असतील, तर ड्रायव्हरचा, म्हणजे भोंग्याच्या स्पीकरचा, रोध मोजावा आणि तो बरोबर आल्यास क्रॉसओव्हरचे (स्वरांची विभागणी करणाऱ्या मंडलाचे) कपॅसिटर पाहावेत. ऑर्गनकडून येणाऱ्या जाड केबलमधून मेन्सची वीजही जाते, म्हणून पेटी उघडण्यापूर्वी ती केबल काढावी. १२२ आणि १४७ च्या केबलचे सहा पिनांचे प्लग सारखे दिसत असले तरी त्यांची जोडणी वेगळी आहे. एकाची केबल दुसऱ्याला लावू नये. वूफर सोडवताना तो खाली ढोलावर पडू नये यासाठी मदतीला दुसरा माणूस घ्यावा, आणि निसटलेला प्रत्येक वॉशर ढोलातून शोधून काढावा.

बसवणे आणि चाचणी

फळीवरील जुना, चुरा झालेला गास्केट काढून तिथे पातळ फेल्ट किंवा कॉर्कची कडी लावावी. बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करून आवळावेत आणि स्पीकर हलत नाही इतक्यावर थांबावे. पत्र्याची चौकट अतिरिक्त जोराने पिळली, की घासण्याचा दोष पुन्हा निर्माण होतो. प्रत्येक टप्प्यावर कोन बोटांनी दाबून पाहावा. दोन स्पीकर असतील तर सेलच्या चाचणीने दोघांचे ध्रुव जुळवावेत, अन्यथा एक कोन बाहेर येताना दुसरा आत जातो आणि खालचे स्वर एकमेकांना मारतात.

स्पीकरच्या तारा घट्ट जोडल्या आहेत हे पाहून मगच वीज द्यावी. एम-३ आणि ए-१०० ला दोन स्विच असतात : ‘स्टार्ट’ सुमारे आठ सेकंद धरून ठेवावा, तो न सोडता ‘रन’ चालू करावा आणि आणखी चारेक सेकंदांनी ‘स्टार्ट’ सोडावा. व्हॉल्व्ह तापू द्यावेत. पहिला अर्धा तास हलक्या आवाजातच वाजवावे, मग पायपट्ट्यांवर सर्वांत खालच्या स्वरापासून वर एकेक स्वर चार-पाच सेकंद धरत जावे आणि प्रत्येक स्वराला आवाजाचा पेडल हळूहळू दाबावा. एखाद्या स्वराला फरफर आली, तर ती नव्या दुरुस्तीची की फळीची, हे पुन्हा तळहाताने तपासावे. ऑर्गन बंद करून चुंबकाच्या मागच्या भागाला हात लावून पाहावा. तो कोमट असणे ठीक, पण हात ठेवता येणार नाही इतका तापला असेल किंवा जळका वास येत असेल, तर इम्पिडन्स आणि ॲम्प्लिफायर पुन्हा तपासावा, कारण बिघडलेल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमधून स्पीकरकडे डीसी जाऊ लागला, तर नवी कॉइलही काही मिनिटांत जळते. त्यासाठी स्पीकरच्या टोकांवर, एकही पट्टी न दाबता, मल्टिमीटरने डीसी व्होल्ट मोजावेत. ते शून्याच्या अगदी जवळ असायला हवेत.

मागची फळी लावण्यापूर्वी खालच्या फटी बारीक जाळीने बंद कराव्यात. कागदी कोन आणि कापडी तारा उंदरांना फार आवडतात, आणि पावसाळ्यात बंद खोलीत ठेवलेल्या ऑर्गनचे सर्वाधिक नुकसान त्यांच्याकडूनच होते. नवा गास्केट महिनाभरात थोडा दबतो, तेव्हा बोल्ट एकदा परत तपासावेत. काढलेला मूळ स्पीकर खोक्यात, तोंडावर पुठ्ठा लावून ठेवावा आणि त्या खोक्यावर ऑर्गनचा मॉडेल क्रमांक, स्पीकरवरचा आकडा आणि मोजलेला रोध लिहावा.